मनीचा पास

रात्री २.१०

मनी उठून बसते. अंधारात भिंत चाचपते, उशी चाचपते आणि म्हणते, "झोका." झोका आता नाही. आजेसासूबाईंच्या जुन्या नऊवारीची झोळी बारा दिवसांपूर्वी आम्ही छताच्या कडीवरून उतरवली. पोरगी पावणेतीन वर्षांची, वजन तेरा किलो. कडी कुरकुरायला लागली होती, माझा खांदाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवते. "रात्र आहे मनी, झोप." एवढंच. दिवा लावायचा नाही, दूध द्यायचं नाही, उचलायचं नाही. सात मिनिटं लागली. पहिल्या रात्री पन्नास लागली होती.

जाग येण्यात तिचा दोष नाही. मोठ्यांची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते, लहान मुलांच्या फेऱ्या त्याहून आखूड. दोन फेऱ्यांच्या सांध्यावर सगळेच जरासे जागे होतात. आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. मनी झुलता झुलता झोपायची आणि सांध्यावर जाग आली की झोळी थांबलेली. दादरला डोळा लागला आणि जाग कर्जतला आली, तर आपणही दचकूच की. म्हणून खरी गोम रात्री दोनला नाही, साडेआठला आहे. जिथे नि जशी झोपली, तिथेच नि तशीच तिला जाग यायला हवी.

सकाळी ६.३०

रात्र कशीही गेलेली असो, उठवायचंच. पडदे सरकवते, मनीला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहते. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. नवरा म्हणतो, "झोपू दे ना बिचारीला." नऊपर्यंत झोपू दिलं की रात्रीचे अकरा वाजतात, हे त्यालाही पाठ आहे, पण सकाळी साडेसहाला कुणाला हिशेब सुचतो?

८.४०

डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलचा लेडीज डबा, चौथी सीट. इथे सल्ले फुकट मिळतात. एक म्हणते, जायफळ उगाळून दे. दुसरी म्हणते, सर्दीचं औषध अर्धा चमचा, पोर गाढ. जायफळ जास्त झालं तर बाधतं, आणि गुंगी आणणारं औषध झोपेसाठी मुलाला देऊ नकोस, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. मी मान डोलावते. चौथ्या सीटवर वाद घालायला जागा नसते.

दुपारी १.१५

ऑफिसातून घरी फोन. "आई, झोपली का?"

"आत्ता कुठे भात संपवलाय गं."

"अडीच-पावणेतीनला उठवाल ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. झोपलेल्या पोराला उठवणं सासूबाईंना पाप वाटतं. पण जागेपणी झोपेची जी भूक साठत जाते, ती दुपारी चार वाजता भागवली तर रात्री पान वाढूनही ताट तसंच राहतं. जागतिक आरोग्य संघटना एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप सांगते, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३. मनी मधल्या काठावर. रात्रीचे दहा आणि दुपारचा दीड, आम्हाला पुरे.

झोळीवरून आमचं भांडण झालं नाही असं नाही. "माझी दोन्ही पोरं झोळीत वाढली. आज कुणी झोळीत झोपतं का?" त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. आईच्या कुशीत झोपण्यावरही माझा आक्षेप नाही. आमच्या वन बीएचकेत मनीची गादी आमच्या पलंगाला खेटूनच आहे. रात्रीत चारदा उठून सकाळी लोकलला लटकणं मात्र मला झेपेना.

संध्याकाळी ५.००

हा शोध नवव्या दिवशी लागला: आजी-नातीचा चहा. बशीत ओतलेला, बिस्किट बुडवून. "दोन घोट तर असतात!" चहातलं कॅफीन एवढ्याशा जिवात तासन्तास रेंगाळतं. आता बशीत कोमट दूध असतं. बशी मात्र हवीच.

७.१०

मी घरी. मऊ भात, वरण, तूप. मोबाइलवरचं कार्टून बंद, ट्यूबलाइट बंद, पिवळा दिवा चालू. मग दूध, आणि दूध झाल्यावर दात घासणं. हा क्रम उलटा चालत नाही; झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंडात राहिलेलं दूध दात किडवतं.

८.१५

दोन गोष्टी. दोनच. मग पास.

पासाची युक्ती माझी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रायमन यांनी १९९९ मध्ये ती मांडली: झोपताना मुलाच्या हाती एक कार्ड द्यायचं, ते देऊन एक मागणी करता येते, त्यानंतर नाही. त्यांच्या प्रयोगातली मुलं मनीपेक्षा मोठी होती, पण आमच्याकडे कार्ड तयार होतं. माझा संपलेला रेल्वेचा त्रैमासिक पास, प्लास्टिकच्या पाकिटासकट. पाणी, शू, अजून एक पापी, काहीही. पास देऊन एकदाच. कधी कधी ती काहीच मागत नाही, पास मुठीत धरून झोपते.

८.३५

पुस्तकातल्या एका पद्धतीत, मूल झोपेपर्यंत शेजारी बसणाऱ्या आईची खुर्ची दर दोन-तीन रात्रींनी गादीपासून दूर सरकते आणि शेवटी दाराबाहेर जाते. आमच्या गादीपासून दारापर्यंत चार फूट. मी स्टुलावर बसते, कपाटाला टेकून. मुलाला रडू देत ठराविक मिनिटांनी डोकावायची पद्धतही आहे. बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर यांच्या १९८५च्या पुस्तकाने ती गाजली. ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या बाळांवर या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला, अपाय काही दिसला नाही. पण आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या काकू बेल वाजवतील. म्हणून स्टूल.

मनी कूस बदलते. पाय गादीवर आपटते, स्वतःशी काहीतरी पुटपुटते. मी बोलत नाही, बघत नाही. श्वास लांबतो. मी स्टुलावरून अर्धी उठते.

दार किलकिलं होतं. सासूबाई. "झोपली का गं?"

अंधारातून हात पुढे येतो.

"आजी, आधी पास दाखव."