खोल समुद्रात वाढणारे दगड

1959 साली ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख आला आणि त्याने एका महाकाय शार्कला थेट हिमयुगाच्या शेवटापर्यंत जिवंत ठेवले. हा शार्क म्हणजे मेगालोडॉन. त्याचा एकेक दात माणसाच्या तळहाताएवढा. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगाचे समुद्र पालथे घातले, तेव्हा पॅसिफिकच्या तळातून असे दात वर आले होते. त्यांच्यावर मँगनीज ऑक्साइडचा काळपट थर चढलेला होता. लेखकाने त्यांपैकी दोन दातांवरच्या थराची जाडी मोजली, थर साचण्याचा एक ठरावीक वेग धरला आणि भागाकार केला. उत्तर आले: एका दाताचे वय सुमारे 24 हजार वर्षे, दुसऱ्याचे सुमारे 11 हजार.

आज जीवाश्मांच्या अभ्यासातून दिसते की मेगालोडॉन साधारण 36 लाख वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. भागाकार बरोबर होता, चुकला होता वेग. समुद्रतळावर मँगनीज किती सावकाश साचते याची पुरेशी कल्पनाच त्या वेळी नव्हती.

आपले नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. चार ते सहा किलोमीटर खोलीवर, पूर्ण काळोखात आणि गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात पडलेला मँगनीजचा गोटा तेवढाच वाढायला दहा लाख वर्षे घेऊ शकतो. म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाचा, मुठीत मावणारा गोटा जवळजवळ एक कोटी वर्षांचा. त्याच्या वाढीला सुरुवात झाली तेव्हा दोन पायांवर चालणारा आपला पूर्वज पृथ्वीवर नव्हता.

सुरुवातीला काहीतरी कठीण लागते: शार्कचा दात, बेसॉल्टचा कपचा, ज्वालामुखीतून उडालेला प्युमिस किंवा जुन्याच गोट्याचा तुकडा. समुद्राच्या पाण्यात मँगनीज आणि लोह अत्यल्प प्रमाणात असतात. नद्या ते आणतात, तळातल्या उष्ण झऱ्यांतूनही ते येतात. पाण्यात ऑक्सिजन असला की या धातूंची ऑक्साइड बनतात आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने त्या कठीण गाभ्यावर बसतात. मँगनीज ऑक्साइडच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पाण्यातले निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे धनभारित आयन त्यांच्याकडे ओढले जातात. काही धातू खालच्या गाळातल्या पाण्यातूनही वर झिरपतात. तशा वेळी गोट्याची खालची बाजू जास्त वेगाने वाढते आणि त्याचे दोन चेहरे वेगळे दिसतात: वर गुळगुळीत, खाली खरखरीत.

ही सावकाश वाढ मोजायची कशी? उत्तर आकाशातून येते, आणि मला ते या सगळ्या कथेतले सर्वांत सुंदर पान वाटते. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, तेव्हा बेरिलियम-10 तयार होते. ते पावसाबरोबर समुद्रात येते, हळूहळू तळाशी पोहोचते आणि गोट्याच्या ताज्या थरात अडकते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षांचे. गोटा चिरून बाहेरून आत एकेक थर खरवडत गेले की बेरिलियम-10 कमी कमी होत जाते. जिथे ते निम्मे उरते, तो थर सुमारे 14 लाख वर्षांपूर्वी पृष्ठभागावर होता. ज्या वेगाचा अंदाज 1959 मध्ये चुकला, तो अशा रीतीने अणू मोजून हाती आला.

त्यातून एक कोडेही उभे राहिले. या खोलीवर गाळ हजार वर्षांत एखाद-दोन मिलिमीटर साचतो. तो वेग फारच मंद, तरी गोट्याच्या वाढीच्या शेकडो पट. मग हे गोटे केव्हाच गाडले जायला हवे होते. तरीही ते कोट्यवधींच्या संख्येने गाळाच्या वर उघडे पडलेले आहेत. तळावर फिरणाऱ्या समुद्रकाकड्या आणि किडे त्यांना सतत किंचित हलवत असतील, तळप्रवाह गाळ झाडून नेत असतील, असे म्हणतात. एकमत अजून नाही.

भारताची या गोट्यांशी ओळख ‘गवेषणी’ या जहाजाने करून दिली. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 26 जानेवारी 1981 रोजी या जहाजावरून पहिला नमुना वर काढला. पुढे मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात शोध सुरू झाला आणि आज आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झालेल्या करारानुसार 75 हजार चौरस किलोमीटरचा पट्टा भारताच्या शोधकार्यासाठी राखीव आहे. तिथे 38 कोटी टन गोटे असावेत असा अंदाज आहे, म्हणजे दर चौरस मीटरला सरासरी पाच किलो.

या ‘सरासरी’जवळ थांबायला हवे. नमुना घेण्याचे यंत्र पाण्यात सोडतात, ते बुडते, तळावर जबडा मिटते, वजन टाकून देते आणि तरंगत वर येते. एका खेपेत ते अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी तळ उचलते. अशा हजार खेपा केल्या तरी पाहिलेला भाग एकूण क्षेत्राच्या पंधरा कोटीव्या हिश्श्याइतकाही होत नाही. बाकीचे सगळे संख्याशास्त्र सांगते. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमधून आली. 1951 साली डॅनी क्रिग यांनी दाखवले की शेजारच्या नमुन्यांना त्यांच्या अंतरानुसार योग्य वजन दिले, तर न खोदलेल्या जागेचा अंदाज बांधता येतो आणि फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी त्याला गणिती पाया दिला. पण समुद्रतळावर दोन नमुने काही मीटरवर घेतले तरी एकात गोटेच गोटे आणि दुसऱ्यात नुसता गाळ असे होते. म्हणून संस्थेचे संशोधक नमुन्यांच्या जाळ्यातली अंतरे टप्प्याटप्प्याने कमी करत गेले आणि एकेका ठिकाणी अनेक नमुने घेत गेले.

धातूंचे मोजमाप तरी सोपे म्हणायचे. तिथे जगणाऱ्यांची गणती त्याहून कठीण. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यातून मिळालेल्या नोंदी 2023 मध्ये एकत्र केल्या, तेव्हा 5,578 प्रजाती निघाल्या. त्यांतल्या सुमारे 90 टक्के विज्ञानाला अनोळखी होत्या. अनेक प्रजाती तर एकदाच सापडलेल्या. इथेच गणित कमाल करते. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडताना ॲलन ट्यूरिंग यांनी ओळखले होते की एकदाच दिसलेल्या गोष्टींचे प्रमाण, अजून न दिसलेल्या गोष्टींबद्दल बोलते. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी 1953 मध्ये ते प्रसिद्ध केले. 1984 साली तैवानच्या ॲन चाओ यांनी एकदा सापडलेल्या आणि दोनदा सापडलेल्या प्रजातींच्या संख्यांवरून न सापडलेल्यांची किमान संख्या काढण्याचे सूत्र दिले. अंधारातल्या अनोळखी जिवांची मोजणी केवळ त्यांच्या विरळपणावरून करता येते!

आणि आता गोट्यांतल्या धातूंसाठी हा तळ खणायचा विचार चालू आहे. 1989 साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या पॅसिफिकमध्ये, चार किलोमीटरहून जास्त खोलीवर, आठ मीटर रुंद नांगर ओढून पाहिला. 26 वर्षांनी ते परत गेले, तेव्हा नांगराच्या रेघा जशाच्या तशा होत्या आणि त्या रेघांतल्या सूक्ष्मजीवांचे काम काही ठिकाणी चौपटीने मंदावलेले होते. 1997 मध्ये आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही मध्य हिंदी महासागरात गाळ ढवळून असाच प्रयोग केला.

मला खरी काळजी इथे वाटते. एखादी प्रजाती सरासरी दहा पेट्या गाळात एकदा सापडते असे धरू. तळ उकरल्यावर तिची संख्या निम्मी झाली. आधी आणि नंतर दहा-दहाच पेट्या तपासल्या तर आधी एकही नाही आणि नंतर एक, असेसुद्धा हाती लागू शकते. मग अहवालात येते, ‘लक्षणीय फरक आढळला नाही’. कारखान्याशेजारच्या लहान गावात दुर्मीळ आजार वाढला की नाही हे तपासताना आरोग्य-संशोधक याच खड्ड्यात पडतात: मोजणी इतकी तोकडी, की खरा धोकाही आकड्यांत दिसत नाही. पुरावा न सापडणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये वैद्यकीय संशोधनासंदर्भात ठणकावून सांगितले होते. समुद्रतळाला ते जास्तच लागू आहे, कारण तिथला प्रत्येक नमुना जहाजाचा महागडा दिवस खातो आणि म्हणून नमुने नेहमी कमीच असतात.

प्राधिकरणाच्या नियमांत दोन प्रकारची क्षेत्रे आखायची असतात: जिथे खाणकामाचा परिणाम मोजायचा ते आणि जिथे हातही लावायचा नाही ते. तुलना या दोहोंची. पण न खणलेले क्षेत्र खणलेल्यासारखेच असायला हवे, तितकेच गोटे, तितकेच जीव, आणि ढवळलेला गाळ पोहोचणार नाही इतके दूर. गोटे काही मीटरवरच बदलतात अशा तळावर तशी जोडी शोधण्यासाठी आधीच पुष्कळ नमुने काढावे लागतात, आणि तेही वेगवेगळ्या वर्षी. हे काम पहिले यंत्र खाली उतरण्याच्या कितीतरी आधी झाले पाहिजे, कारण एकदा गोटा उचलला की त्याच्यावर चिकटून वाढलेल्या स्पंजची आणि प्रवाळांची आधीची नोंद नंतर करता येत नाही.