परकीय चांदीचीं व्यापारी नाणीं : खरीं कशीं ओळखावींत ?

अंबड, जालना हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. तेथें निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार असे दोन्ही चालत व एक देऊन दुसरा घेतांना बट्टा पडे. अर्थातच वजन व कस पाहिल्यावांचून सराफाचें पान हालत नसे. आज अशा एखाद्या घराच्या जुन्या पेटींत भलेंमोठें परकीय रौप्यनाणें निघालें, तर पारख करावी ती याच रीतीनें.

आपल्याकडील दोन नाणीं विशेष ध्यानांत ठेवावींत. पहिलें, ब्रिटिश व्यापारी डॉलर. पूर्वेकडील व्यापारासाठीं तो १८९५ पासून मुंबई येथें व पुढें कलकत्ता येथेंही पाडूं लागले. एका बाजूस त्रिशूळ व ढाल घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस चिनी व अरबी लिपींतील मूल्य. मुंबईच्या नाण्यावर त्रिशूळाच्या मधल्या टोंकांत बारीक ‘बी’ अक्षर असतें. वजन २६·९६ ग्रॅम, म्हणजे सुमारें २·३१ तोळे. हजारांत ९०० भाग चांदी.

दुसरें, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचें थेलर. अरबस्तान व इथिओपिया येथें त्याची फार चलती होती. राणी १७८० सालीं वारली. पुढें पाडलेल्या थेलरांवरही तेंच साल राहिलें. १९४०-४१ मध्यें मुंबईच्या टांकसाळींतही तीं पाडलीं गेलीं. म्हणून १७८० हा आंकडा वयाचा पुरावा नव्हे. नाणें खरें आहे काय आणि तें जुनें आहे काय, हे दोन निराळे प्रश्न होत. थेलराचें वजन २८·०७ ग्रॅम. हजारांत ८३३ भाग चांदी. कडेवर उठावाचीं लॅटिन अक्षरें.

खणखणीत वाजलें म्हणजे खरें, हा समज अपुरा आहे, कांसेंही वाजतें. लोहचुंबकास न चिकटणें हीही खूण पुरेशी नाहीं. तांबें-पितळही चिकटत नाहीं. प्रथम वजन करावें. झिजेनें तें किंचित् कमी भरेल. प्रमाणाहून अधिक भरल्यास शंका घ्यावी. मग भिंगानें कड पाहावी. सांध्याची रेघ किंवा पृष्ठावर बारीक खळगे दिसले, तर नाणें ओतीव असण्याचा संभव असतो. टांकसाळीचें नाणें ठशाखालीं दाबून पाडलेलें असतें.

यानंतर पाण्याची परीक्षा. पाण्याचा पेला बारीक तराजूवर ठेवून आंकडा शून्यावर आणावा. नाणें दोऱ्यानें पाण्यांत पूर्ण बुडवावें, मात्र तळास लागूं देऊं नये. जो आंकडा येईल, त्यानें नाण्याच्या वजनास भागावें. व्यापारी डॉलरचा आंकडा सुमारें २·६ व भागाकार १०·३ च्या आसपास येतो. तितक्याच वजनाच्या पितळी नकलेचा आंकडा तीनाच्या वर जातो. दागिन्यासाठीं कडी डाखलेली असल्यास मात्र हा हिशेब चुकतो. शेवटचा निर्णय जाणत्याकडूनच घ्यावा.

डॉलरवर चिनी सराफांनीं मारलेले बारीक शिक्के आढळतात. तो दोष नव्हे, व्यवहाराची खूण आहे. नाणें राखेनें वा चिंचेनें घांसूं नये. घांसल्यानें त्याचें मोल उतरतें. दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन जमिनींत पुरलेलें सांपडल्यास, १८७८ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. चांदीचा भाव तराजू सांगतो; पण नाण्यावरील इतिहास एकदां मुशींत गेला, कीं तो कोणताही सराफ परत देऊं शकत नाहीं.