सांदवाडीतील भाजी आणि उसातला उंदीर



बेणे, लागण, खोडवा, खते यांविषयी आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या वेळचा विषय वावरातला नसून घरामागचा आहे. पण त्याचा उसाशी किती जवळचा संबंध आहे, हे आम्हाला एका भगिनीने शिकविले. तो धडा सर्वांना सांगावा म्हणून हा लेख.

कन्हानकाठच्या आपल्या गावांत बहुतेक घरांमागे थोडी तरी सांदवाडी असतेच. न्हाणीच्या पाण्यावर वांगी, टमाटर, मेथी, सांभार, मुळा होतो; मांडवावर वाल आणि दोडका चढतो. घरचे खाऊन उरलेली भाजी आठवडी बाजारात जाते आणि तो पैसा घरच्या बाईच्या हाती राहतो. उसाचे बिल यायला वेळ असतो. तोवर मीठ-मिरची आणि पोरांची वही-पेन्सिल या पैशावर भागते. म्हणून सांदवाडीतले नुकसान लहान समजू नये.

काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या फडात उंदरांनी उसाची बुडाकडील कांडी कुरतडलेली दिसली. आम्ही झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष टाकायला सांगितले. पंधरा दिवसांनी फड तुटला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरच्या बाईंनी आम्हाला रस्त्यातच गाठले. म्हणाल्या, "सायेब, वावरातला उंदीर तुमी हाकलला, तो माह्या वांग्यात येऊन बसला. मंग उरलेली दवाई म्या वांग्याखाली टाकली, तं तीन कोंबड्या मेल्या." त्याच वांग्यांच्या वाफ्यात त्यांचा दोन वर्षांचा नातू खेळत असे. कोंबड्यांवर निभावले, एवढेच म्हणायचे.

चूक आमची होती. उरलेल्या आमिषाचे काय करायचे हे आम्ही सांगितले नव्हते, आणि फड तुटल्यावर वाचलेले उंदीर जाणार कुठे याचा विचारही केला नव्हता.

उंदीर सांदवाडीत का येतो?

उंदराला तीन गोष्टी लागतात : लपायला जागा, खायला अन्न आणि पाणी. उसाच्या फडात या तिन्ही गोष्टी बारा महिने मिळतात. ऊस लोळलेला असेल, आत तण आणि पाचट माजलेले असेल, तर विचारायलाच नको. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते दहा पिल्ले होतात, आणि तीन-चार महिन्यांत ती पिल्लेही प्रजेला लागतात. त्यामुळे पावसाळ्यानंतर धुऱ्यांवर आणि पाटाच्या काठाने बिळेच बिळे दिसतात.

गळीत हंगाम सुरू झाला की फड एकेक करून मोकळे होतात. धानही नुकतेच कापलेले असते. उंदराचे घर आणि जेवण एकदमच जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सांदवाडीतली भाजी भरात असते. तिथे ओल असते, शेजारी तुराटी-पराटीचा ढीग असतो, तणसाची गंजी असते, कोंबड्यांचे दाणे सांडलेले असतात. मग उंदीर दुसरीकडे जाईलच कशाला?

आधी चोर ओळखा

प्रत्येक कुरतडलेले टमाटर उंदराचे नसते. दिवसाढवळ्या नुकसान होत असेल तर खार किंवा पाखरू पाहा. पाखरू चोच मारते, त्याचे भोक पडते. उंदीर रात्री येतो आणि फळावर दोन दातांच्या जोडखुणा ठेवतो. रोपे जमिनीलगत तुटून तिथेच पडली असतील, तर माती उकरून पाहा. बरेचदा आत अळी सापडते.

उंदरांतही प्रकार आहेत. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असेल तर ती घूस किंवा वावरातला मोठा उंदीर समजावा. तो मुळा, रताळे, भुईमूग खालून नेतो आणि बिळात साठा करतो. घरातला काळा उंदीर चढण्यात तरबेज. मांडवावरच्या शेंगा आणि पपई त्याचीच. पेरलेले वाटाणे उकरून खाणारे बहुधा लहान उंदीर असतात. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती किडे खाते, तिला मारू नये.

संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळे. एवढ्यावरून उंदीर किती आणि कुठे याचा अंदाज येतो.

बंदोबस्त : क्रमाने करावयाची कामे

१) लपण मोडा. सांदवाडीच्या कडेने तीन फूट पट्टा साफ ठेवावा. त्यात गवत नको, विटा नकोत, फुटकी मडकी नकोत. उंदीर उघड्यावरून जायला भितो. तुराटी-पराटी जमिनीवर न रचता दगडांवर किंवा बल्ल्यांवर दीड फूट उंच रचावी, म्हणजे खालून आरपार दिसेल आणि मांजर फिरेल. खोडव्यात पाचट कुजवा असे आम्हीच सांगतो. पण तेच पाचट घरालगतच्या भाजीत जाड अंथरले, तर आपणच उंदरासाठी गादी घातल्यासारखे होते. तिथे फार तर पातळ थर द्यावा.

२) अन्न उचला. कोंबड्यांचे दाणे आणि ढोरांची ढेप रात्री उघडी ठेवू नये. टमाटराला लाली येऊ लागली की तोडून घरात पिकवावे. पडलेली फळे रोज वेचावीत. मुळा, रताळी, भुईमूग तयार झाल्यावर जमिनीत ठेवू नयेत.

३) वाट अडवा. लहान उंदीर करंगळी जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो. म्हणून रोपांच्या गादीवाफ्याला पाव इंच छिद्राची जस्ती जाळी लावावी. जाळी जमिनीत एक फूट गाडावी आणि खालची सहा इंच बाहेरच्या बाजूला वळवावी. उंदीर उकरत खाली जातो, वळलेल्या जाळीला अडतो आणि नाद सोडतो. त्याला जाळीवर चढता येते, म्हणून वरच्या कडेला गुळगुळीत पत्र्याची पट्टी लावावी. सगळ्या सांदवाडीला जाळी परवडणार नाही. रोपांच्या वाफ्यापुरती केली तरी पुरे.

मांडवाचे खांब आणि पपईचे खोड यांना जमिनीपासून तीन फुटांवर फूटभर रुंद पत्रा गुंडाळावा. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा कापला तरी काम होते. शेजारचे कुंपण, भिंत किंवा फांदी मांडवाला टेकलेली नसावी, नाहीतर उंदीर तिकडून येईल.

४) पिंजरा लावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा किंवा भुईमुगाचे दाणे ठेवून पहिले तीन दिवस तो नुसताच उघडा ठेवावा, खटका लावू नये. उंदीर सरावला की चौथ्या रात्री खटका लावावा. पिंजरा भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने, त्याच्या रोजच्या वाटेवर ठेवावा. एकच पिंजरा लावून वाट पाहण्यापेक्षा शेजाऱ्यांचे चार-पाच जमवून एकदम लावले तर गुण येतो.

लसूण, मिरची, पुदिना यांच्या वासावर फार भिस्त ठेवू नये. उंदराला दोन दिवसांत वासाची सवय होते. डांबराच्या गोळ्या भाजीत टाकू नयेत. चिकट फळीला पाल, चिमणी आणि सापही चिकटतात, तीही नको.

विषाबद्दल स्पष्ट बोलू

सांदवाडीत विषारी आमिष टाकू नये, हे आमचे स्वच्छ सांगणे आहे. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्यापासून विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. कोंबडी, कुत्रा, लेकरू यांना ते दाणे वेगळे ओळखू येत नाहीत. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठेनासे होते. उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तो खाणारे मांजर किंवा घुबडही दगावू शकते. धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या घराजवळच्या बिळात कधीही टाकू नयेत. त्यांचा वायू बिळातून घरात शिरतो.

वावरात आमिष वापरायचे असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या किंवा आमच्या विभागाच्या सल्ल्याने, जिवंत बिळातच टाकावे. उरलेले घरी आणू नये. मेलेले उंदीर खोल पुरावेत. चुकून कोणाच्या पोटात विष गेलेच, तर घरगुती उपाय करीत न बसता पाकीट सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

कुंपणाच्या तारेत करंट सोडण्याचा विचारही मनात आणू नये. उंदीर राहील बाजूला आणि घरचेच माणूस जाईल.

आपले फुकटचे राखणदार

गव्हाणी घुबडाचे मुख्य खाद्यच उंदीर. धामण तर बिळात शिरून उंदीर धरते आणि ती बिनविषारी आहे. घुबड ओरडले की अपशकुन आणि धामण दिसली की काठी, ही रीत आता सोडायला हवी. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. धुऱ्यावरची जुनी पोकळ झाडे तोडू नका, घुबडे तिथेच राहतात. ऊस तुटल्यावर वावरात आडव्या काडीचे उंच खांब रोवले, तर रात्री त्यांना बसायला जागा होते.

एकट्याने भागत नाही

एकाने सांदवाडी साफ केली आणि शेजारी ढीग तसाच राहिला, तर उंदीर फक्त घर बदलतो. म्हणून गावाने मिळून दोन वेळा काम करावे. पहिली वेळ अक्षय तृतीया ते मृग. तेव्हा वावरे मोकळी असतात, धुऱ्यावरची बिळे दिसतात आणि पावसाळ्यातली वीण अजून व्हायची असते. दुसरी वेळ दसरा ते दिवाळी, म्हणजे तोडीच्या आधी. त्या वेळी फडाच्या कडेचे तण काढावे, घराजवळचे ढीग हलवावेत आणि पिंजरे तयार ठेवावेत. गावालगतच्या फडाची तोड शक्य असल्यास गावाच्या बाजूने सुरू करून नदीकडे न्यावी, म्हणजे पळणारा उंदीर घराकडे येणार नाही. तोडीचा कार्यक्रम ठरताना हे आमच्या गट कर्मचाऱ्याला सांगावे.

शेवटी आरोग्याचे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. पायाला जखम असताना चिखलात अनवाणी जाऊ नये. कुरतडलेली भाजी बाजारात नेऊ नये, घरीही खाऊ नये. बाकीची स्वच्छ पाण्याने धुवावी. चिखलात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांना वावराचे व उंदरांचे आवर्जून सांगावे.

ज्या बाईंनी आम्हाला रस्त्यात अडविले, त्यांच्या सांदवाडीत पुढच्या हंगामात आम्ही स्वतः जाऊन तुराटीचा ढीग उंचावर रचायला लावला आणि दोन पिंजरे दिले. उंदीर पूर्ण गेला असे नाही. पण वांगी बाजारात गेली, आणि कोंबड्या व नातू दोघेही वाफ्यात निर्धास्त फिरले. आता कोणत्याही फडात उंदराचा बंदोबस्त सांगताना आम्ही आधी विचारतो, "घर किती दूर आहे?" आपणही हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी