खातं नेमकं कधी उघडलं? तारीख अशी शोधा

आधी पासबुकाचं पहिलं पान काढा, पण घाई करू नका. तिथे ‘डेट ऑफ इश्यू’ दिसली, तर ती त्या पासबुकाची तारीख. जुनं भरून नवं घेतलं की ती बदलते. आपल्याला हवी ‘अकाउंट ओपनिंग डेट’. एचडीएफसी बँकेच्या स्टेटमेंटवर ती वरच्या बाजूलाच ‘ए/सी ओपन डेट’ म्हणून छापलेली असते.

विलीन झालेल्या बँकांच्या खातेदारांनी जास्त जपून बघावं. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. अशा वेळी खाते क्रमांकही बदलू शकतो. म्हणून कळकळीनं सांगतो, आईवडिलांची जुनी पासबुकं रद्दीत घालू नका! खात्याचा मूळ पुरावा तोच.

सिबिल रिपोर्टमध्ये शोधत बसू नका. तिथे कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डाच्या तारखा मिळतात, बचत खात्याची नाही.

कुठेच सापडली नाही, तर मूळ शाखेत साधा अर्ज द्या, सोबत ओळखपत्राची प्रत जोडा आणि तारीख सही-शिक्क्यानिशी लेखी मागा.