जॅकच्या आट्यांचा हिशेब

विंचूरच्या उपबाजारात उन्हाळ कांदा आला की ट्रॅक्टरांची रांग लागते, ते तुम्ही पाहिलंच आहे, पोरांनो. त्यात एखाद्या भरल्या ट्रॉलीचं चाक बसलं, समजा. ड्रायव्हर काय करतो? चाकांना दगड लावतो, आट्यांचा जॅक काढतो आणि एकटाच दांडा फिरवत बसतो. ट्रॉली वर!

एवढं बळ कुठून आलं? कागदाचा तिरका तुकडा पेन्सिलीला गुंडाळा, त्याची कड गोल गोल चढत जाते. आटे म्हणजे तोच गुंडाळलेला चढ.

आता हिशेब. त्या चाकावर १००० किलो भार आहे. दांडा ४० सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात हात फिरतो साधारण २५१ सेंटीमीटर. तेवढ्यात ट्रॉली उचलते एका आट्याइतकी, १ सेंटीमीटर. हे २५१ म्हणजे वेग गुणोत्तर. बळ वाचलं, पण वाट वाढली. ट्रॉली १५ सेंटीमीटर उचलायची तर हात साडेसदतीस मीटर हिंडतो!

१००० भागिले २५१, म्हणजे ४ किलोचा जोर पुरायला हवा. पण दांड्यावर लागतो समजा १६ किलोचा. म्हणजे यांत्रिक लाभ जेमतेम साडेबासष्ट. बाकीचं घर्षणानं खाल्लं. साडेबासष्ट भागिले २५१, म्हणजे कार्यक्षमता पंचवीस टक्के. शंभराची मेहनत, हातात पंचवीस, पंचाहत्तर हमाली-तोलाईत गेले! एवढी कापणारा आडत्या असता तर बाजार बंद पाडला असता आपण.

पण दांडा सोडून ड्रायव्हर पाना घ्यायला गेला, तरी ट्रॉली खाली येत नाही. विहिरीवरच्या राहाटाचा दांडा सोडून बघा, बादली धाडकन खाली जाते. इथं का नाही? खाली येताना भार देऊ शकतो पंचवीस, घर्षण मागतं पंचाहत्तराच्या आसपास. आणायचे कुठून? ज्या यंत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी, ते आपोआप उलटं फिरत नाही. आट्यांना ग्रीस लावलं तरी चढ इतका मंद ठेवलेला असतो, की घर्षण पुरून उरतं.

हल्ली ऑइल जॅक आलेत. त्यात भार तोलून धरतं ते तेल, आणि तेलाला अडवते एक झडप. ती गळायला लागली तर ट्रॉली हळूहळू बसते. म्हणून जॅक कुठलाही असो, चाक काढण्याआधी ट्रॉलीखाली लाकडी ठोकळा सरकवायचा.