सात जोडप्यांतल्या सात जणी

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या मध्ये, नवगाव आहे. समोरच्या समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. इंग्रजांनी या बेटांची नावं हेनरी-केनरी करून टाकली होती. किनाऱ्यालगत माडांच्या सावलीत एक जुनं कब्रस्तान आहे आणि तिथे मातीचे दोन उंचवटे दाखवतात. एका उंचवट्याखाली बुडालेले पुरुष पुरले आहेत, दुसऱ्याखाली बुडालेल्या बायका. नाव एकाचंही नाही. शेजारी अलीकडे उभारलेला स्मारकस्तंभ आहे. इस्राएलमधून आलेली माणसं त्याच्यापाशी फोटो काढतात, एकमेकांशी मराठीत बोलतात आणि परतताना अलिबागच्या बाजारात सुकी मासळी बघून हळवी होतात.

ही बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची मूळभूमी. गोष्ट अशी सांगतात की दूरदेशाहून आलेलं एक जहाज या बेटांजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. गावकऱ्यांनी आसरा दिला. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला आणि शनिवारी तो बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मग वंश गावोगाव पसरला आणि गावांची नावं आडनावं झाली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. पण आडनाव मुक्कामाचं गाव सांगतं, निघालेलं बंदर सांगत नाही.

समुद्रातून आलेल्या पूर्वजांची आपल्या किनाऱ्याला टंचाई नाही. चित्पावनांच्या कथेतही परशुरामाला किनाऱ्यावर चौदा प्रेतं सापडतात आणि चितेवर पावन होऊन जिवंत होतात. चौदा तिथे, सात जोडपी म्हणजे चौदाच इथे. अभ्यासकांनी हे साम्य फार पूर्वी टिपलं आहे. कोणी कोणाची गोष्ट उचलली यावर वाद घालण्यात मला रस नाही. शेजाऱ्यांच्या घरांत जसा एकच डाळीचा वास येतो तसं ते असावं.

ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर लिहिली हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी. पुस्तक 1897 मध्ये लिहून झालं आणि छापलं गेलं तेल अवीवमध्ये, 1937 साली, लेखक गेल्यानंतर. केहिमकरांनी जहाज फुटल्याचा काळ इसवी सनापूर्वी 175 च्या सुमाराला नेला. त्यांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद हुशार आहे: या लोकांना हनुक्का हा सण माहीत नव्हता, हनुक्काची घटना इ. स. पूर्व 164 ची, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असणार. ऐकायला चोख वाटतं. पण ज्यांची सगळी पुस्तकं बुडाली, ज्यांच्याकडे शेमा ही एक प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि थोडे सण एवढंच उरलं, ते एक सण विसरले यात नवल काय? जे नाही त्यावरून तारीख काढणं म्हणजे रिकाम्या कणगीवरून पीक मोजणं.

कागदावर ही माणसं फार उशिरा येतात. 1738 मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख सापडतो. 1768 मध्ये कोचीनचे ज्यू व्यापारी एझेकिएल राहबी हॉलंडला पाठवलेल्या पत्रात सांगतात की मराठ्यांच्या मुलखात असे लोक विखुरलेले आहेत, ते तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात आणि शेमापलीकडे त्यांना धर्माचं ज्ञान नाही.

राहबी हे नाव लक्षात ठेवावं, कारण दुसरा गुंता तिथेच आहे. परंपरा म्हणते की दावीद राहबी नावाचा विद्वान कोकणात आला, त्याने शनिवार पाळणारे हे तेली पाहिले आणि त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. राहबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडून शिकवले. तेच पुढे समाजाचे काजी, म्हणजे धर्माचं काम बघणारे, झाले. कोकणात परीक्षा घ्यायची तर ती मासळीचीच असणार, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं! शिंगाळा, मुशी, कोळंबी एकीकडे करणारे हात मला त्या गोष्टीत स्पष्ट दिसतात.

पण हा दावीद कोण? एक मत असं की तो कोचीनच्या एझेकिएलचा मुलगा, अठराव्या शतकातला. दुसरं मत फार मोहक आहे. थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांचा धाकटा भाऊ दावीद हिंदी महासागराच्या वाटेने व्यापाराला निघाला आणि 1170 च्या सुमारास बुडाला. 'राहब' हे बायबलमध्ये इजिप्तचं काव्यातलं नाव, आणि हे घराणं इजिप्तमध्ये राहत होतं. मग तो बुडाला नसेल, नवगावला लागला असेल! याला जोड म्हणून दाखवतात मायमोनिडीज यांचं बाराव्या शतकाच्या अखेरचं एक पत्र. त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंना शनिवार आणि सुंता याखेरीज काही ठाऊक नाही असं वाक्य आहे. मला हा तर्क आवडतो आणि पटत नाही. भाऊ जिवंत असता तर मायमोनिडीज त्याच्यासाठी इतकी वर्षं शोक करत बसले नसते. अठराव्या शतकातला दावीद कंटाळवाणा आहे, पण त्याच्या घराण्याच्या हातचं पत्र तरी आहे.

आता मुद्द्याचं. ही सगळी चर्चा पुरुषांची झाली. जहाज कुठून आलं, दावीद कोण, काजी कोण. पण ज्यू धर्मशास्त्रात मूल ज्यू ठरतं ते आईवरून. त्यामुळे कथेतल्या सात पुरुषांपेक्षा सात बायकांवर जास्त भार आहे. त्या जहाजावर नसत्या, तर नंतरचं सगळं पणाला लागलं असतं.

आणि खरोखरच लागलं. 1948 नंतर ही मंडळी मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल मुलामुलींच्या आईची, आजीची, शक्य तितकं मागे जाऊन चौकशी करावी. कुलाबा जिल्ह्यातल्या पणजीचा दाखला आणायचा कुठून? लोक रस्त्यावर आले, धरणं धरली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. मग ती सूचना मागे पडली.

घरातही हीच चौकशी आधीपासून चालू होती, हे मात्र सांगायला हवं. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते. काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची, असं गोरे म्हणत. त्यांच्याशी लग्नं होत नसत, जेवणाची भांडी वेगळी असत. ज्या लोकांनी मुंबईत मांडवीला 1796 मध्ये पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, तेच हे पाळत होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझेकिएल, यांनी बांधलेल्या त्या मंदिराला लोक 'जुनी मशीद' म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं मानतात.

2016 मध्ये जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 18 बेने इस्राएल व्यक्तींचे नमुने होते. दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, त्यांच्यात मध्यपूर्वेच्या ज्यू वंशाचा ठळक वाटा खरोखर आहे, म्हणजे ती गोष्ट हवेतली नाही. दोन, हा वाटा मुख्यत्वे बापांकडून आलेला आहे आणि आयांकडून आलेला वाटा मुख्यत्वे भारतीय. मिश्रण झालं ते 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वी. हा काळ मिश्रणाचा आहे, जहाजाचा नाही. त्याने केहिमकरांची तारीख खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही.

पण सात जणींबद्दल हा अभ्यास बरंच बोलतो. त्या जहाजातून उतरल्या असतीलही, पण वंश पुढे नेणाऱ्या बहुतेक आया बहुधा इथल्याच होत्या. थळ-किहीम-चौलच्या पट्ट्यातल्या. म्हणजे गोरे ज्या कारणासाठी काळ्यांना पंक्तीला घेत नव्हते, ते कारण त्यांच्या स्वतःच्या घरातही तेवढंच होतं. रब्बींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही पणजीकडे नव्हतं, कारण तिच्या पणजीने ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या घरी आल्यावर शनिवारी चूल पेटवायची नाही, एवढंच तिला शिकवलं गेलं असेल.

आणि तिने काय आणलं, ते मात्र जागोजाग दिसतं. सणांची नावं पाहा. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. योम किप्पूरच्या कडक उपासाला म्हणायचं दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं बंद. नवरीला मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस फेडायला मलिद्याचं ताट. त्यात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. प्रार्थना हिब्रूतली, पण पोहे भिजवायचं प्रमाण तिने माहेरून आणलेलं. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून रश्शाला नारळाचं दूध. हा नियम दूरच्या वाळवंटातला आणि त्यावरचा तोडगा वाडीतल्या माडावरचा. कोण्या एकीने तो शोधला असेल, आणि तिला तो शोध वाटलाही नसेल.

विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आता इथे काही हजारांवर आला आहे. अलिबागच्या इस्राएल आळीत 'मागेन आबोथ' हे प्रार्थनामंदिर उभं आहे, पण आळीतली बरीच घरं बंद असतात. बाकीची मंडळी लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिकडूनच निघालं. आणि नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून तासभर एकसारखं ढवळत राहायचं. हात दुखायला लागला की घरातली म्हातारी सुनेला सांगते, "थांबू नकोस गं, तळाला लागेल."