उद्याही येणाऱ्या गिऱ्हाइकाचे ताट

मंत्रालयातले काम, टाटा रुग्णालयातली तपासणी, मुलाची परीक्षा किंवा नात्यातले लग्न, अशा कारणांनी चार दिवसांसाठी मुंबईला येणारे कुटुंब गाडीचे आरक्षण महिनाभर आधी करते आणि राहण्याची सोय फोनाफोनी करून पक्की करते. जेवणाचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. घरून आणलेल्या दशम्या पहिल्याच दिवशी संपतात आणि पुढचे तीन दिवस भूक लागेल तिथे, दिसेल त्या हॉटेलात शिरणे एवढेच उरते. मग महाग आणि बेचव जेवून लोक परत जातात आणि ‘मुंबईत खाणे परवडत नाही’ असे सांगतात. ज्या शहराने शंभर-दीडशे वर्षे परगावाहून आलेल्या, तुटपुंज्या पगाराच्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घातले, त्या शहराबद्दलचा हा समज चुकीचा आहे. चांगले आणि परवडणारे जेवण मुंबईत आहे, आणि ते शोधण्याचे एक सूत्रही आहे. जे हॉटेल उद्याही येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगते, तिथे जेवावे; जे पुन्हा कधीच न येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगते, ते टाळावे.

यामागचे कारण साध्या व्यवहाराचे आहे. पाहुणा एकदाच येतो. त्याला कुठले वरण कालचे आहे, कुठले तेल चारदा तापलेले आहे, हे कळत नाही आणि कळले तरी त्याच्या नाराजीने कुणाचे बिघडत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टर्मिनसबाहेर किंवा पर्यटनस्थळाच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलांना रोज नवे गिऱ्हाईक आपोआप मिळते. तिथे मालक प्रामाणिक असला तरी चव राखण्याची सक्ती त्याच्यावर नसते. याउलट ज्या खानावळीत तीच चाळीस माणसे रोज दुपारी येतात, तिथे आमटी एक दिवस पातळ झाली की ओरड होते, दर पाच रुपयांनी वाढला की चर्चा होते आणि दोन दिवस पोट बिघडले की माणसे शेजारच्या गल्लीत जातात. पाहुण्याच्या हाती नसलेला हा धाक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हाती असतो. पाहुण्याने करायचे ते इतकेच, की त्या गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसायचे.

मुंबईचा इतिहास या सूत्राला भक्कम पुरावा देतो, कारण इथले जवळजवळ प्रत्येक प्रकारचे स्वस्त खाणे कुठल्या ना कुठल्या घरापासून तुटलेल्या कष्टकरी समूहासाठी जन्माला आले. 1854मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे लालबाग, परळ, वरळीत आली. बायको-मुले गावी आणि बापई माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने, अशी ही वस्ती होती. त्यांच्यासाठी चाळीतल्याच बायका स्वयंपाक करत. महिन्याचे पैसे ठरलेले, जेवण पाळीप्रमाणे, आणि गावी गेलेल्या दिवसांचा खाडा धरून हिशेब. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. त्यांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1982च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या संपत गेल्या, पण त्या गल्ल्यांतली भाकरी, कालवण आणि भाताची खानावळ पूर्ण संपली नाही. आज गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतले सुरक्षारक्षक, शिपाई, सफाई कामगार आणि कितीतरी कारकून जेवायला मागच्या गल्लीतच येतात.

हीच गोष्ट इतर वस्त्यांत वेगळ्या चवीने घडली. प्लेगनंतर 1898मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली आणि माटुंग्यात दक्षिणेकडून आलेला नोकरदारवर्ग स्थिरावला. त्यांच्या सांबार-भाताची गरज उडुपीकडच्या माणसांनी भागवली. ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग माटुंगा स्थानकाजवळ 1942मध्ये सुरू झाले, आणि नावातला ‘बोर्डिंग’ हा शब्दच ते कुणासाठी होते हे सांगतो. धोबीतलावला कयानी हे इराण्याचे हॉटेल 1904पासून आहे. जवळच कॉलेजे, कोर्टकचेऱ्या आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या असल्याने चहा, ब्रून मस्का आणि खिमा-पाव यांवर दिवस काढणारी माणसे तिथे कधी कमी पडली नाहीत. काळबादेवीत कापडबाजारातल्या गुजराती-मारवाडी गुमास्त्यांसाठी भोजनालये निघाली, तर फोर्टात कचेऱ्यांतल्या लोकांसाठी मंगळुरी-मालवणी माशांची ‘लंच होम’. ‘लंच होम’ या नावातही वेळ आणि गिऱ्हाईक दोन्ही दडलेली आहेत. दुपारच्या सुट्टीत उठून येणारा कचेरीतला माणूस, हाच त्यांचा पाया.

स्टेशनबाहेरचे सगळेच वाईट, असा याचा अर्थ मात्र नाही. 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव रुळला असे मानले जाते, आणि ग्रँट रोड स्टेशनसमोर 1914मध्ये सुरू झालेले बी. मेरवान मावा केकसाठी पिढ्यान्‌पिढ्या गाजले. ही उदाहरणे सूत्राला छेद देत नाहीत, उलट ते अधिक नेमके करतात. लोकलच्या स्टेशनावरून जाणारी गर्दी वरवर अनोळखी वाटली तरी ती रोजची असते. आठ वाजून बारा मिनिटांची गाडी पकडणारा माणूस वर्षभर तीच गाडी पकडतो, आणि वडा शिळा निघाला तर उद्या पलीकडच्या वडेवाल्याकडे जातो. म्हणून जागा कुठली यापेक्षा तिथला माणूस पुन्हा येणारा आहे का, हे पाहावे.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. पण जेवण स्वस्त ठेवण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चांगुलपणाच्याच आहेत. पदार्थ मोजके असले की माल थोडा लागतो, रोज आणता येतो, रोज संपतो आणि वाया जात नाही. एका टेबलावर दुपारभरात सहा-सात पंगती उठल्या की भाडे आणि पगार यांचा बोजा प्रत्येक ताटावर कमी येतो. म्हणूनच अशा ठिकाणी अनोळखी माणसाच्या समोर बसवले जाते आणि जेवण झाल्यावर रेंगाळू दिले जात नाही. ज्याला तो उर्मटपणा वाटतो, त्याने तो ताटाच्या किमतीतलाच भाग समजावा. तिसरे कारण जागेचे. मुंबईतली कितीतरी जुनी हॉटेले पागडीच्या, म्हणजे भाडे-नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या जागांत आहेत. बाजारभावाने भाडे भरावे लागले असते तर त्यांचे दर टिकलेच नसते. इमारत पुनर्विकासात गेली की असे हॉटेल बहुधा परत येत नाही, आणि आले तरी जुन्या दराने येत नाही. नव्याकोऱ्या परिसरात स्वस्त जेवण का सापडत नाही, त्याचे उत्तर यात आहे. तिथल्या झगमगीत रस्त्यावर शोधण्यापेक्षा जवळच्या जुन्या वस्तीपर्यंत दहा मिनिटे चालावे.

वेळेचेही असेच आहे. कचेऱ्यांच्या भागात साडेबारा ते अडीच ही जेवणाची खरी वेळ. त्या वेळी भात वाफाळता असतो आणि मासे तव्यावरून थेट ताटात येतात. चार वाजता त्याच ठिकाणी उरलेसुरले मिळते, आणि रविवारी फोर्टात पुष्कळ हॉटेले बंदच असतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक घरी असते. माशांच्या खानावळीत फळ्यावर खडूने लिहिलेले दर ही चांगली खूण आहे, कारण बाजारात मासा जसा मिळेल तसा दर बदलतो. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजा पापलेट खात्रीने देणाऱ्या हॉटेलापेक्षा सुकटीची चटणी, खाडीचे मासे किंवा कोंबडी-वडे देणारी खानावळ जास्त विश्वासाची.

आता पहिला आक्षेप. हातात फोन आहे, त्यात हजारो लोकांनी दिलेले तारे आहेत, मग गल्लीबोळ कशाला धुंडाळायचे? अडचण अशी, की रोज जेवणारा माणूस रोजच्या जेवणाला तारे देत नाही. ते देतात बहुतेक करून पहिल्यांदा आलेले लोक, म्हणजे आपल्यासारखेच पाहुणे. त्यात सजावट, गारवा, वेटरचे हसणे आणि घरपोच मागवलेल्या पार्सलचा उशीर हे सगळे एकाच आकड्यात मिसळते. शिवाय यादीत वर दिसण्यासाठी पैसे मोजता येतात, आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन भरून निघावे म्हणून तिथले दर अनेकदा हॉटेलातल्या दरांपेक्षा चढे असतात. तरी फोन फेकून द्यावा असे नाही. हॉटेल आज उघडे आहे का, पाटीवरचे अलीकडचे दर काय, हे त्यावर उत्तम कळते. त्याच्याकडून माहिती घ्यावी, निवाडा घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गर्दी केवळ स्वस्ताईची असेल आणि स्वच्छता नसेल तर? रोज तिथले खाणाऱ्याच्या पोटाला सवय झालेली असते, पाहुण्याच्या पोटाला नाही. ही भीती खरी आहे आणि म्हणून गर्दीवर डोळे मिटून विसंबू नये. अन्न गरम आणि समोर शिजलेले घ्यावे, पाणी बाटलीतले प्यावे, पहिल्या दिवशी कच्ची चटणी, कापलेली फळे आणि बर्फ टाळावा. भांडी कुठे आणि कशा पाण्यात धुतली जातात, पैसे घेणारा हातच वाढायला येतो का, हे दोन मिनिटे दारात उभे राहूनही दिसते. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक दर्शनी जागी लावणे आणि बिलावर छापणे बंधनकारक आहे, तो पाहावा. मात्र महागड्या हॉटेलात स्वयंपाकघर भिंतीआड असते आणि फ्रीजमधला माल किती दिवसांचा आहे हे कळायला मार्गच नसतो. वेगाने रिकामे होणारे पातेले ही ताजेपणाची हमी आहे, आणि ती गर्दीच्या खानावळीतच मिळते.

तिसरा आक्षेप घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असणाऱ्यांचा. लालबाग-परळच्या गिरणगावातली खानावळ पुरुषांची, अंधारी आणि अरुंद असते, तिथे आजीला कसे न्यायचे? नेऊ नये. सूत्र एक असले तरी ठिकाणे अनेक आहेत. कुटुंबासाठी उडुपी हॉटेल आणि दादर-गिरगावातली मराठी उपाहारगृहे अधिक सोयीची, कारण त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईकच मुळात कुटुंब आहे. 1910पासूनचे दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह याच परंपरेतले. गर्दीच्या अर्धा तास आधी पोचले तर बसायला जागाही मिळते. एक सावधगिरी मात्र हवी. जुने नाव गाजले की पाहुणे वाढतात, दर वाढतात आणि ज्यांच्यामुळे ते नाव झाले ती माणसे हळूहळू दुसरीकडे जातात. काळबादेवीतली काही भोजनालये आज सणासुदीला जायची ठिकाणे झाली आहेत, रोजच्या जेवणाची राहिलेली नाहीत. म्हणून पाटीवरचे साल वाचून थांबू नये, आत आज कोण बसले आहे तेही पाहावे.

बिलाकडेही लक्ष असावे, कारण परवडणे शेवटी तिथे ठरते. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के आहे, आणि करभरणीच्या सोप्या (कंपोझिशन) योजनेतल्या लहान हॉटेलाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताच येत नाही. सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्ये काढली आणि मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 400 रुपयांच्या जेवणावर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर कर लागला की 462 रुपये होतात. सेवाशुल्क नसेल तर 420. चार दिवस, दोन वेळा, चार माणसे धरली तर हा फरक साडेतेराशेच्या घरात जातो.

हे सगळे प्रत्यक्षात आणायला नकाशा लागत नाही, योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारावा लागतो. ‘इथे चांगले हॉटेल कुठे आहे?’ असे विचारले की समोरचा माणूस आपल्याला पाहुणा समजतो आणि पाहुण्याला शोभेल असे महागडे नाव सांगतो. त्याऐवजी रुग्णालयातल्या वॉर्डबॉयला, बँकेतल्या शिपायाला, टॅक्सीवाल्याला किंवा कापड दुकानातल्या नोकराला विचारावे, ‘तुम्ही दुपारी कुठे जेवता?’ या प्रश्नाला माणूस शोभेचे उत्तर देत नाही. तो हात करून गल्ली दाखवतो, अमुक वारी जाऊ नका म्हणतो, तिथे काय मागवायचे तेही सांगतो. रोज ज्याच्या खिशाला आणि पोटाला ते जेवण मानवले आहे, त्याचा हा शब्द आहे.